चाचांची अस्सल तबकडी

मी फार बोलणारा माणूस नाही. गिऱ्हाइकाचं माप घेताना तोंडातून आकडे निघतात, तेवढंच. बायको म्हणते, "तुमच्या तोंडातल्या टाचण्या काढल्या तरी तोंड मिटलेलंच." तिला काय ठाऊक, त्या मिटलेल्या तोंडात बावीस वर्षं काय अडकून बसलं होतं! आज ते लिहून काढतो. लिहिताना माणसाला कुणी मध्येच "व्हय का?" असं विचारत नाही, ही मोठी सोय आहे.

लढाईचे दिवस होते. कापड कंट्रोलमध्ये, म्हणजे रेशनवर मोजून मिळायचं आणि त्यात तीनदा धुतलेल्या धोतराचं अंग असायचं. बेलापूरच्या पेठेत चाचांचं शिवणकामाचं दुकान होतं आणि मी तिथे मशीनवर बसत होतो. बाविशीचा होतो, लग्न झालेलं होतं, घरची शेती थोरल्या भावाला नीट जमते आणि मला मुळीच जमत नाही हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. चाचांनी मला कात्री धरण्यापासून कॉलर बसवण्यापर्यंत सगळं शिकवलं. स्वतःच्या मुलाला शिकवावं तसं शिकवलं. ही गोष्ट पुढे कुठे विसरायला होऊ नये म्हणून आधीच सांगून टाकतो.

चाचांकडे एक फोनो होता. चावीचा, मोठ्या पितळी भोंग्याचा. दुकानाच्या मागच्या खोलीत एका स्टुलावर तो असायचा. दुकान आणि ती खोली यांच्यामध्ये एक जाड पडदा होता आणि पडद्याला चाचांनी स्वतः गोल काज करून घेतलं होतं. त्या काजातून भोंग्याचं तोंड तेवढं दुकानात डोकवायचं. लोक विचारायचे, फोनो भाईर का ठेवत न्हाई?

"त्यात बाई गाती," चाचा म्हणायचे. "ती पेठंत कशी बसंल? तिला आत बसू द्या, गळा तेवढा भाईर येऊ द्या."

ते स्वतः फोनोला हात लावत नसत. एकदा जोशात चावी जास्त पिळून त्यांनी स्प्रिंग तोडली होती आणि तेव्हापासून कानाला खडा लावला होता. चावी देणं, सुई बदलणं, तबकडी पुसणं, सगळं माझ्याकडे. गाणं लागलं की मशीन बंद, कात्री बंद, असा नियमही त्यांचाच.

तबकड्या पाच होत्या, पण पेठेला हवी असायची एकच. बाईचं नाव इथे लिहीत नाही. आवाज असा की बाजाराच्या दिवशी गुळाचा व्यापारी तराजू हातात धरून तसाच उभा राहायचा आणि गिऱ्हाईकही वजनाकडे बघायचं नाही. त्या तबकडीला मात्र एक चरा होता. दुसऱ्या कडव्यात "साजणा" या शब्दावर सुई अडकायची आणि बाई "साजणा, साजणा, साजणा" करत बसायची. मी मशीनवरून उठून, पडदा सारून, आत जाऊन नळीला टिचकी मारेपर्यंत तीनदा "साजणा" व्हायचं. रोज तीनदा. कारण मशीनपासून फोनोपर्यंतचं अंतर रोज तेवढंच होतं. होता होता पेठेचा समज झाला की गाणंच तसं आहे. नदीवर धुणं धुणाऱ्या बायका तीनदा "साजणा" म्हणायच्या. भजनी मंडळातल्या एकाने त्याच जागेवर अभंगात तीनदा "विठ्ठला" घातलं आणि वाहवा मिळवली.

त्या काळी आणखी एक भानगड होती. एखादं गाणं गाजलं की त्याच गाण्याची दुसरी तबकडी निघायची. तीच चाल, तीच वाद्यं, आणि कुणीतरी दुसरीच बाई हुबेहूब पहिलीसारखी गायची. स्वस्त असायची. लेबल वाचता न येणाऱ्याला कळायचंही नाही. चाचांना या नकलेचा भारी राग.

"माप घेऊन शिवलेला कोट वेगळा न् बघून शिवलेला कोट वेगळा," ते म्हणायचे. "आपल्याकडं अस्सल हाय. गळा ऐक, गळा!"

तर ती अस्सल तबकडी मी इस्त्रीखाली घातली.

मुद्दाम नाही. मऊ फडक्याने पुसायला मी ती बाहेर आणली, टेबलावर ठेवली, वर फडकं टाकलं. तेवढ्यात जवळच्या साखर कारखान्यातले एक कारकून धावत आले. साहेबांपुढे उभं राहायचं होतं आणि कोट चुरगळलेला होता. मी कोट इस्त्री केला, त्यांच्या अंगात घातला, आणि निखाऱ्यांनी भरलेली इस्त्री समोर दिसलेल्या फडक्यावर ठेवून त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला गेलो. परत आलो तेव्हा जळक्या लाखेचा वास सुटला होता. फडकं उचललं. तबकडीची परात झाली होती आणि परातीत इस्त्रीचं बूड उमटलं होतं, सुबक, टोकासकट.

चाचा मशिदीत गेले होते. मी ती परात सदऱ्याच्या आत घालून प्रवरा नदीवर गेलो आणि डोहात सोडली. रिकाम्या पाकिटात चौथी तबकडी, एका विनोदी संवादाची, सरकवून ठेवली. ठरवलं, की चाचा आले की पाय धरून सांगायचं.

चाचा आले ते धावतच. "भैया, आवर, आवर! राजूरचे पाव्हणे आलेत, पोरीला बघायला. शरबत पिऊन हितंच येत्यात. लाव गाणं!"

चाचांना एकच मुलगी. राजूरला कापडाचं दुकान असलेल्या घरातून मागणी आली होती, आणि डोंगरातल्या त्या माणसांवर छाप पाडायला चाचांकडे काय होतं? एक मुलगी आणि एक तबकडी. मुलगी पाहुण्यांनी आधीच पाहिली होती.

मी म्हणालो, "चाचा..."

"काय?"

"चावी देतो," मी म्हणालो, आणि पडद्याआड गेलो.

जत्रेतल्या नाटकात मी सलग तीन वर्षं स्त्रीपार्ट केला होता, हे इथे सांगायला हवं. मिशी काढली की आवाज आपोआप वर जायचा. आणि हे गाणं तर मशीनवर पाय हलवताना मी मनातल्या मनात किती वेळा गायलो असेन, त्याला गणती नाही. बाई श्वास कुठे घेते तेही पाठ होतं. मी भोंगा नळीवरून सोडवला, त्याच्या निमुळत्या टोकाला तोंड लावलं, ताटली रिकामी फिरत ठेवली म्हणजे यंत्राची घरघर खरी येईल, आणि सुरू केलं. सुरुवातीची सनई कंगव्यावर पतंगाचा कागद धरून वाजवली. खरखर जिभेने केली. गाता गाता खरखर करता येत नाही, पण मधली खरखर ऐकणाऱ्यांनी आपापल्या मनाने घातली असावी. दुसऱ्या कडव्यात तीनदा "साजणा" म्हणून स्वतःच्याच गालावर टिचकी मारली आणि पुढे गेलो.

गाणं संपल्यावर बाहेरून राजूरच्या म्हाताऱ्याचा आवाज आला, "वा! बाई समोर बसल्यावानी वाटतंय हो!"

चाचा म्हणाले, "अस्सल हाय, मियाँ."

लग्न ठरलं. आता सांगा, त्या घडीला मी काय सांगणार होतो?

पुढे दर बाजाराला मी गायलो. हे लिहायला लाज वाटते, पण मला ते आवडायला लागलं होतं. चावी संपत आल्यावर बाईचा आवाज कसा म्हशीच्या रेकण्यासारखा खाली जातो, तेही मी अधूनमधून करायचो. मग घाईघाईने खडखड चावी द्यायची आणि आवाज पुन्हा चढवायचा. बाहेर लोक हसायचे. "ह्यो झोपला बगा आत," म्हणायचे. घरी बायको विचारायची, "घसा का बसलाय?" मी म्हणायचो, "कापडाचा धुरळा."

लग्नानंतर पहिल्या ईदला जावई आले. सडसडीत, गोरे, शब्द मोजून बोलणारे, आणि सासऱ्याला काय आवडतं याची चौकशी करून आलेले. चाचांच्या मुलीने त्यांना सांगितलं असणार की अब्बांची तबकडी चरा पडलेली आहे. म्हणून ते राजूरहून आधी नगरला गेले, तिथल्या दुकानात तीच नवी कोरी तबकडी शोधून काढली, आणि दोन मोटारी बदलत मांडीवर घेऊन बेलापूरला आले. मुलीच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की जणू तबकडी तिनेच गायली होती.

ईदचा दिवस, दुकान माणसांनी भरलेलं. चाचांनी शिरखुर्म्याची वाटी बाजूला ठेवली. "लाव रे भैया!"

मी आत जाऊन भोंगा जागेवर बसवला आणि कित्येक महिन्यांनी फोनोवर खरी तबकडी लावली. बाई गायली. काय गायली! मी तिला विसरलोच होतो. इतके दिवस मी माझीच नक्कल करत होतो.

गाणं "साजणा"पाशी आलं आणि एकदाच "साजणा" म्हणून सरळ पुढे गेलं.

बाहेर एक म्हातारा शेतकरी बोलला, "गाळलं की हो!"

"दोन साजणा खाल्लं हिनं."

"ही ती बाई न्हाईच."

"गळाबी बारीक हाय. आपलीचा कसा भरदार."

जावई म्हणाले, "अहो, ही नवीन आहे. जुनीला चरा पडलाय, म्हणून ती अडकते."

"चरा?" म्हातारा म्हणाला. "तीन डाव म्हनायचं असतं त्ये, जावईबापू. आमी काय आज ऐकतोय?"

चाचा अडचणीत आले. जावयाचा मान ठेवायचा की तबकडीचा? म्हणाले, "भैया, आपली लाव. दोनी ऐकू, मग कळंल."

मी भोंगा सोडवला. नवी तबकडी हलक्या हाताने पाकिटात घातली. त्या दिवशी मी जिवावर उदार होऊन गायलो. बाई जिंकेल अशी भीती होती मला. कुठली बाई, ते विचारू नका. दुसऱ्या कडव्यापर्यंत सगळं ठीक होतं. खोलीच्या मागेच चाचांचं घर होतं; तेवढ्यात तिथल्या चुलीवर चाचींनी मिरच्यांची फोडणी दिली, आणि तो धूर दारातून सरळ माझ्या उघड्या तोंडात आला.

मी खोकलो. खुक्, खुक्, आणि शेवटी एक बारीक शिट्टी, हुंऽऽ. आजही मी तसाच खोकतो, आमच्या वडिलांकडून आलंय. भोंग्यातून तो खोकला दुकानभर घुमला. मी डोळे मिटले, ताल पकडला आणि उरलेलं कडवं गाऊन टाकलं. दुसरं करणार काय?

बाहेर म्हातारा भक्तिभावाने म्हणाला, "बाई खोकली."

"या आधी कधी खोकली न्हवती," कुणीतरी म्हणालं.

"कान देऊन कदी ऐकलंस? गेल्या बाजारीबी खोकली हुती."

"व्हय व्हय. म्याबी ऐकलं. थंडी असली की खोकती."

चाचा उभे राहिले असावेत, कारण त्यांचा आवाज वरून आला. "नवी खोकली का? न्हाई. जित्ता मानूस खोकतो. नकलेला कुठला खोकला?"

त्या सगळ्या गर्दीत शुद्धीवर एकच माणूस होता. जावई म्हणाले, "अब्बा, तबकडी एकेका दिवशी खोकत नसते. मी आत जाऊन बघतो."

पाऊल वाजलं. पडद्याची कड हलली. मी भोंगा धरून उभा होतो, तोंडाला लावलेला तसाच.

"दामादजी," चाचा म्हणाले, हळू, "माझ्यावर इतबार न्हाई?"

कड पुन्हा पडली. नवीन जावई, पहिली ईद, आणि सासऱ्याने सगळ्यांदेखत विचारलेला प्रश्न. कुठला सभ्य माणूस तो पडदा उचलेल?

मग चाचांनी मला बाहेर बोलावलं. "ह्याचा कान पक्का हाय. ह्यो सांगंल. बोल भैया, नवीवर कोन गातंय?"

जावयांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खात्री होती की मी खरं सांगणार. दाराच्या फटीतून मुलगीही बघत होती. एक वाक्य पुरे होतं. माझ्या तोंडात टाचण्या नव्हत्या.

मी म्हणालो, "दुसरीच बाई आहे, चाचा."

जावयांनी काही वाद घातला नाही. शिरखुर्म्याची वाटी भरलेली तशीच ठेवली, तबकडी फडक्यात गुंडाळली, आणि दुपारच्या गाडीने गेले. पुढच्या ईदला मुलगी आली ती दिराबरोबर. त्याच्या पुढच्याही. चाचा दर ईदला रस्त्यापर्यंत जायचे, गाडीतून कोण उतरतं बघायचे, आणि परत येऊन म्हणायचे, "काम असतंय त्यांना. लाव गाणं." मी लावायचो. पुढे आवाज फाटायला लागला तेव्हा मी चाचांना सांगितलं की तबकडी झिजली. ते म्हणाले, "झिजंल न्हाई तर काय, किती गायली बिचारी!" आणि पडद्याचं काज त्यांनी स्वतः शिवून टाकलं.

दुकान चाचांनी पुढे माझ्या हाती दिलं. गेल्या वर्षी ते गेले. चाळिसाव्या दिवशीच्या विधीला जावई आले होते, केस पिकलेले, एका कोपऱ्यात बसलेले. जेवणं चालू असताना माझ्या शेजारच्याने पोरांना हळूच दाखवलं, "त्ये बगा, नकली रेकाडवाले जावई." बावीस वर्षांनी! पेठेला दुसरं काही लक्षात राहिलं नव्हतं. मी पानावरून उठलो.

पंधरा दिवसांनी मी राजूरला गेलो. संगमनेरपर्यंत मनात वाक्य जुळवत होतो, अकोले गाव येईपर्यंत ते पाठ झालं, आणि राजूरच्या चढाला सगळं विसरलो. जावई दुकानातच होते. "या मास्तर," म्हणाले. चहा मागवला. मी चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं. इस्त्री, डोह, भोंगा, कंगवा, सगळं.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हसले. "मास्तर, भला माणूस आहात तुम्ही. अब्बा गेले, मला बरं वाटावं म्हणून इतक्या लांब आलात. पण असं कुठं असतं का?"

"अहो, खरंच मी गायलोय!"

"पुरुषमाणूस? त्या बाईसारखं? आख्ख्या पेठेला न कळता?"

"व्हय!"

"मग गा."

मी गायला तोंड उघडलं. चव्वेचाळीस वर्षांचा, कापडाचा धुरळा खाल्लेला घसा. जो आवाज निघाला त्याने दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. पुन्हा प्रयत्न केला. जावई अवघडून म्हणाले, "राहू द्या, मास्तर. कशाला त्रास करून घेता." माझ्याकडे पुरावा म्हणून काही नव्हतं. तबकडी प्रवरेत, काज शिवलेलं, चाचा मातीत. आयुष्यात एकदा खरं बोललो आणि समोरचा माणूस माझी कीव करत होता. मी तिसऱ्यांदा "साजणा"ला हात घातला, सूर फाटला, घशात काहीतरी अडकलं आणि मी खोकलो. खुक्, खुक्, हुंऽऽ.

जावयांचा कप तोंडापाशी थांबला.

"पुन्हा," ते म्हणाले.

"काय पुन्हा?"

"खोका."

मी खोकलो.

त्यांनी कप खाली ठेवला. "अहो, ऐकलंत का!" त्यांनी आत हाक मारली. चाचांची मुलगी दारात आली, पदर सावरत. "खोका, मास्तर," ते म्हणाले, आणि मी तिच्यापुढे खोकलो. तिने तोंडावर हात नेला. आधी हसली, मग दाराला टेकून बसली.

"म्हंजे भैया," ती म्हणाली, "अब्बा इतकी वर्षं तुमचं गाणं ऐकत हुते?"

"हो बाई."

"लई आवडायचं त्यांना."

जावयांनाही बोलायचं होतं, आणि बावीस वर्षांचं होतं. "मी नगरला त्या दुकानदाराशी भांडलो, ठाऊक आहे? भर रस्त्यात त्याला चोर म्हणालो. बिचारा शपथा घेत होता. माझं मलाच खरं वाटेना. वाटलं, खरंच फसलो असेन. एवढी सगळी माणसं एका बाजूला, मी एकटा दुसऱ्या." ते उठले. वरच्या फळीवरून कापडाचे तागे बाजूला करून त्यांनी फडक्यात गुंडाळलेली तबकडी काढली. त्या ईदपासून ती वाजलीच नव्हती.

"उद्या बेलापूरचा बाजार असतो ना?" त्यांनी विचारलं.

"असतो."

"फोनो चालतो अजून?"

"चालतो. माझ्याकडेच आहे."

"मग चला. आधी ही लावायची, पडदा काढून, सगळ्यांसमोर. मग तुम्ही उभं राहून सांगायचं. आणि मग खोकायचं."

मी म्हणालो, "सांगतो की. खोकायचं कशाला?"

"नुसतं सांगून तुमच्यावर कोण विश्वास ठेवणार, मास्तर? मी तरी ठेवला का?"

सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही निघालो. ते खिडकीपाशी, मांडीवर तबकडी, मी शेजारी, आणि पुढच्या बाकावर चाचांची मुलगी, जी चाळिसाव्याचा दिवस सोडला तर कित्येक वर्षांनी नवऱ्याबरोबर माहेरी चालली होती आणि दर थोड्या वेळाने खांदे हलवून हसत होती. अकोल्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. खिडकीतून धुळीचा लोट आत आला आणि माझ्या घशात खवखव सुरू झाली.

जावयांनी घाईने खिडकी ओढून घेतली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"इथं नको, मास्तर," ते म्हणाले. "बाजारासाठी राखून ठेवा."